दुसरा हुकूम

लष्करी इस्पितळ, वॉर्ड तीन
४ ऑक्टोबर

सुभेदारसाहेब,

चरणी दंडवत वगैरे लिहिणार नाही. पायाचं नाव सध्या माझ्यापुढे काढायचं नाही. काल सकाळी धाकट्याचा डावा पाय घोट्याच्या वर कापला. वरचं हाडही चिरडलंय म्हणून अजून एकदा कापायचा आहे, पण अंगात ताकद आल्याशिवाय डॉक्टर हात लावणार नाहीत. तोवर इथेच ठेवतील. शुद्धीवर आल्यावर माझ्या भावाने पहिली चौकशी कोणाची केली असेल? तुमची. "ताई, दाजी ठीक आहेत ना?" मी म्हटलं, दाजींना काय धाड भरलीय, दाजी वर उभे होते.

निघताना तुम्ही दारात येऊन विचारलंत, किती दिवस राहशील. मी उत्तर दिलं नाही, कारण तोंड उघडलं असतं तर शेजारच्या तिन्ही क्वार्टरांना ऐकू गेलं असतं. आता लिहून देते. धाकटा उभा राहीपर्यंत मी इथून हलणार नाही, आणि त्यानंतर तुमच्याकडे परत येईन असं धरून चालू नका. किल्ली पाण्याच्या पिंपामागे आहे. दूध नासलं असेल, ते टाका.

आता मला एक सांगा. खाणीकडचा उतार पाऊस झाला की सुटतो, हे तुम्हाला माहीत नव्हतं? आपल्या खोऱ्यात शेळ्यांनासुद्धा माहीत आहे. तीन दिवस झोडपलं होतं. समोरच्या टेकडीवर जनरल दुर्बीण लावून बसला होता आणि त्याला देखावा दाखवायचा होता, म्हणून तुमचे कर्नलसाहेब म्हणाले, "सरळ खाली उतरा, आत्ता." ठीक आहे. ते बाहेरचे. त्यांना दगड आणि ढेकूळ सारखंच. पण तुम्ही?

मी सुभेदाराची मुलगी आहे, म्हणून तुम्हाला तुमचंच काम समजावून सांगते. आपल्या पलटणीत अधिकारी बाहेरून येतात, दोन-चार वर्षं काढतात आणि बढती घेऊन जातात. शिपाई सगळे आपल्याकडचे, एकमेकांचे मामे-चुलत-आते. साहेब त्यांच्या भाषेत हुकूम देतो, मग सुभेदार तोच आपल्या भाषेत पुन्हा सांगतो. पहिल्या हुकमावर आपला एक माणूस हलत नाही. सगळे दुसऱ्यावर हलतात. आबा म्हणायचे, पहिला हुकूम साहेबाच्या अब्रूसाठी आणि दुसरा पोरांच्या जिवासाठी.

एकदा भर उन्हात साहेबाने पाठीवर ओझं देऊन सगळ्यांना टेकडीला वळसा घालून पळत यायला सांगितलं. आबांनी आवाज चढवून आपल्या भाषेत सांगितलं, "टेकडीआड जाईस्तोवर पळा, मग चाला, पाणी प्या, आणि साहेब दिसला की पुन्हा पळा." साहेबाने पळत गेलेली पलटण पाहिली आणि पळत आलेली पाहिली. चक्कर येऊन कोणी पडलं नाही. त्या वर्षी साहेबाला पदक मिळालं आणि त्याने आबांना घड्याळ दिलं. तेच घड्याळ आबांनी लग्नात तुम्हाला दिलं. ते हातावर बांधूनच तुम्ही उतारावर उभे होतात.

तुम्ही "खाली उतरा" एवढंच म्हणाला असतात, तर पोरं वळणाच्या पायवाटेने उतरली असती. जनरलला दोन घोट चहा जास्त प्यावा लागला असता, बस्स. पण तुम्ही शब्दाला शब्द लावलात. "सरळ उतारावरून, आत्ता." धाकटा हवालदार म्हणून सगळ्यांत पुढे होता, सुटलेला दगड त्याच्याच पायावर आला. तो म्हणतो, "ताई, मला वाटलं दाजी सांगतायत म्हणजे बघूनच सांगत असतील." तुमच्यावर विश्वास होता, सुभेदारसाहेब. तो उतार विश्वासानेच सुटला.

तिकडे जेवताय ना नीट?

—धाकट्याची बहीण

११ ऑक्टोबर

सुभेदारसाहेब,

बिस्किटांचा डबा मिळाला. वॉर्डातल्या झाडूवालीला देऊन टाकला. तिने विचारलं, तुमच्या घरात कोणी खात नाही का. मी म्हटलं, आमच्या घरच्यांची पोटं भरलेली आहेत.

पण डब्याबरोबर जे पाठवलंत, ते पाहून मला अक्षरशः ओकारी आली. धाकट्याचं सामान: गणवेश, पट्टा, दाढीचा ब्रश आणि बूट. दोन्ही बूट. पॉलिश करून, चेहरा दिसेल असे. कोणी केलं ते पॉलिश? तुम्ही स्वतः बसून केलंत ना? मला तुमचा हात ओळखू येतो, टाचेपर्यंत कापड फिरवायची सवय तुमचीच. पोत्यातून ते बाहेर काढताना धाकटा बघत होता. तो हसला आणि म्हणाला, "दाजी विसरले वाटतं." मग त्याने भिंतीकडे तोंड केलं. डावा बूट मी या पत्राबरोबर परत पाठवतेय. न्हावी आठवड्यातून एकदा इथे दाढ्या करायला येतो, त्याच्या हाती देते. कचेरीतल्या तुमच्या टेबलावर ठेवा, कागद उडू नयेत म्हणून कामाला येईल.

तुमचे मास्तर येऊन गेले. पोरांनी कर्नलला हे नाव बरोबर ठेवलंय. बरोबर बायको होती. तिच्या हातात फळांची टोपली आणि नाकावर रुमाल. वॉर्डात फिनेलचा वास येतो, जखमांचाही येतो, त्याला काही इलाज नाही. ती दारातूनच सगळ्यांकडे बघून मान हलवत होती, बाजारात भाजी नको असली की हलवतात तशी. मास्तर मात्र खाटेजवळ आले आणि आपल्या भाषेत बोलले. स्वच्छ, खणखणीत, पुस्तकात असतं तसं. "आपली प्रकृती आता कशी आहे? आपल्या वेदना सुसह्य आहेत ना?" धाकट्याने उत्तर द्यायला तोंड उघडेपर्यंत ते पुढच्या खाटेपाशी पोचले होते. तिथेही तेच दोन प्रश्न. जाताना मला म्हणाले, "आपले यजमान उत्तम शिक्षक आहेत."

मला कळेना हसावं की टोपली त्यांच्या डोक्यात घालावी. म्हणजे संध्याकाळी व्हरांड्यात चहा घेत तुम्ही जो 'कचेरीचा वेळ' काढत होतात, तो हा. मास्तरांना आपली भाषा शिकवत होतात. का, तर वर्षाच्या कवायतीला जनरलसमोर अचानक आपल्या भाषेत भाषण ठोकून त्यांना वाहवा मिळवायची होती, म्हणून कोणाला कळू द्यायचं नव्हतं. आणि शिष्य शिकला कसा, तर गुरूच्याच मानेवर बसला. भाषा यायला लागल्यावर त्यांना दुसरा हुकूम ऐकू यायला लागला. मग ते तुम्हाला म्हणाले, तुमच्या आधीचे सगळे सुभेदार लबाड होते, तुम्ही एकटे प्रामाणिक आहात. आणि तुम्ही फुगलात. उतारावर ते तुमच्या शेजारी उभे राहून तुमचा शब्द न् शब्द तपासत होते, तुमचा एक उच्चारही त्यांनी सुधारला, हे मागे उभ्या असलेल्या न्हाव्याच्या पुतण्याने ऐकलंय. एवढं झाल्यावर तुमची हिंमत होतेय कशाला हुकूम बदलायची.

बहिरे साहेब आठवतात? आबांच्या वेळचे. सगळ्यांना वाटायचं त्यांना आपल्या भाषेतलं ओ की ठो कळत नाही. निरोपाच्या चहाला आचाऱ्याने कोपऱ्यात साहेबांच्याच ढेरीवर विनोद केला, आणि साहेबांच्या नाकातोंडातून चहा उडाला. इतकी वर्षं त्यांना सगळं कळत होतं. आबांचा प्रत्येक बदललेला हुकूम त्यांनी ऐकला होता आणि तोंडावरची माशी हलू दिली नव्हती. आबा नंतर म्हणाले, पलटण चालवावी तर अशी. मास्तरांना भाषा आली पण गप्प बसणं आलं नाही.

धाकट्याला ताप आहे. गुलकोजची बाटली चालू आहे. त्याने तुम्हाला नमस्कार सांगितलाय, मी नाही.

—धाकट्याची बहीण

१८ ऑक्टोबर

सुभेदारसाहेब,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, कारण पहिल्यांदा मला वाटलं माझीच नजर चुकतेय.

म्हणजे व्यवहार असा आहे. चौकशीला तीन अधिकारी बाहेरून येणार. मास्तर त्यांना सांगणार, मी तर वाटेने जपून उतरा असं म्हणालो होतो. सुभेदार स्थानिक भाषेत काय बोलला ते मला कसं कळणार, मला ती भाषा येत नाही. येत नाही! कालपरवापर्यंत खाटेखाटेवर प्रकृती विचारत फिरणारा माणूस. मग चूक कोणाची? एक तर तुमची, की तुम्ही हुकूम उलटा सांगितलात. नाही तर धाकट्याची, की तुम्ही नीट सांगितलंत आणि त्यानेच जवळची वाट धरली. मागच्यांच्या सांगण्याला किंमत नाही, ते तर फक्त पुढच्याच्या मागे गेले. आणि मास्तर तुम्हाला व्हरांड्यात बसवून म्हणतात, दुसरं ठरलं तर आपण दोघेही सुटतो, आणि तुमचं सुभेदार-मेजरपद पक्कं.

आणि तुम्ही मला लिहिता, "धाकट्याला समजाव. गैरसमज झाला एवढंच म्हण म्हणावं. त्याचा पाय तर गेलाच आहे."

गेलाच आहे. हे तुम्ही शाईने लिहिलंत आणि पत्र चिकटवून पेटीत टाकलंत. मला तुमची किळस येते. हे शब्द मी आजवर कोणाला लिहिले नव्हते. अगदी तुमच्या मावशीलासुद्धा नाही, आणि तिने तर माझे दागिने पळवले होते.

धाकट्यावर दोष आला तर काय होईल हे तुम्हाला ठाऊक आहे, तरी मी लिहिते, म्हणजे नंतर 'लक्षात आलं नाही' म्हणायला नको. शिस्तभंग म्हणून त्याला पलटणीतून काढतील. पलटणीतून काढलेल्याला या इस्पितळात खाट नाही. दुसरं ऑपरेशन व्हायच्या आत त्याला उचलून बाहेर ठेवतील. डॉक्टरांना मी विचारलं, हाड असंच ठेवलं तर? ते म्हणाले, "सडेल." मी पुढचं विचारलं नाही.

चौकशीचे साहेब वॉर्डातच येणार आहेत, कारण त्याला हलवता येत नाही. त्यांना आपली भाषा येत नाही आणि धाकट्याला त्यांची. मध्ये दुभाषा कोण? तुम्ही. नियमच आहे म्हणे, पलटणीतला सर्वांत वरचा स्थानिक माणूस. चांगलं आहे. जन्मभर जिथे शब्द बदलायचे, तिथे तुम्ही बदलले नाहीत. आता निदान तो जे बोलेल ते शब्दाला शब्द सांगा. एवढं एक काम तुम्हाला येतं, असं मास्तरांचं प्रशस्तिपत्र आहे.

तुमचं पत्र मी त्याला वाचून दाखवलं. सगळं. त्याला कळायला हवं होतं, त्याचे दाजी कोण आहेत ते. त्याने चादरीची कड सारखी केली. मग म्हणाला, "ताई, तू परत जाणार आहेस ना घरी?" मी म्हटलं, हा काय प्रश्न झाला. तो म्हणाला, "नाही, असंच."

—धाकट्याची बहीण

२४ ऑक्टोबर

अहो,

काल वॉर्डात जे झालं ते तुम्ही पाहिलंत आणि मीही पाहिलं, पण तुम्ही खाटेच्या पायथ्याशी होतात आणि मी उशाशी. उशाकडून वेगळं दिसतं, म्हणून लिहितेय.

तिघे साहेब खुर्च्यांवर बसले. मधल्याला पडसं होतं आणि तो सारखा नाक पुसत होता. मास्तर खिडकीशी हात मागे बांधून उभे. त्यांना आपली भाषा येत नाही, हे तिघांनी आधीच मान्य करून टाकलं होतं, कारण आपल्या पलटणीत आलेल्या कोणत्या कर्नलला ती आजवर आली? पडसंवाल्या साहेबाने विचारलं, त्या दिवशी तुला कोणता हुकूम मिळाला? तुम्ही ते आपल्या भाषेत सांगितलंत.

आणि माझा गाढव भाऊ म्हणाला, "दाजींनी पायवाटेनंच उतरा म्हणून सांगितलं होतं. मीच घाईने सरळ गेलो. चूक माझी."

माझ्या हातातलं पाण्याचं भांडं सुटलं. तुम्हाला वाटलं असेल, मी आपटलं. सुटलं. तेव्हा मला कळलं, त्याने मला घरी जाणार का म्हणून का विचारलं होतं. त्याने माझ्या संसाराचा हिशेब केला होता. पाय गेलाच आहे, तर उरलेलाही ताईच्या संसारावर ओवाळून टाकू, असा. तुमचं पत्र मी त्याला चीड यावी म्हणून वाचून दाखवलं, आणि तो त्यातून हे शिकला.

मास्तरांनी मान डोलावली. अगदी हळूच, पण मी बघत होते. शब्द न् शब्द त्यांना पोचला होता आणि गोड लागला होता. आता तुम्ही फक्त शब्दाला शब्द सांगायचं होतं. तेच मी तुम्हाला लिहून बजावलं होतं. मी मनात म्हटलं, मेले, माझ्याच हाताने मेले.

तुम्ही चादरीकडे बघितलंत. डाव्या बाजूला जिथे ती सपाट होते, तिथे. मग साहेबांकडे वळून त्यांच्या भाषेत म्हणालात, "हवालदार म्हणतो, सुभेदाराने सरळ उतारावरून जायला सांगितलं. साहेबांचा तसाच हुकूम होता. मी हुकूम पाळला."

त्यांची भाषा मला बोलता येत नाही, पण आबांच्या व्हरांड्यात वाढलेय, ऐकून सगळी कळते. मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. आणि तेवढ्यात खिडकीशी मास्तर उसळले. "खोटं आहे! तो असं म्हणालाच नाही. तो म्हणाला, सुभेदाराने पायवाटेने जायला सांगितलं होतं आणि चूक त्याची स्वतःची आहे. हा माणूस मुद्दाम चुकीचं भाषांतर करतोय!"

पडसंवाल्या साहेबाने रुमाल खिशात ठेवला आणि विचारलं, "कर्नल, तो काय म्हणाला ते तुम्हाला कसं कळलं?"

मास्तरांचं तोंड उघडं राहिलं. त्यांच्या मानेवरून लाली चढत कानापर्यंत गेली. "थोडंफार," ते म्हणाले, "थोडंफार समजतं."

"आत्ता तर पूर्ण वाक्य सांगितलंत," साहेब म्हणाले. "मग उतारावर सुभेदाराने काय सांगितलं, तेही समजलं असेल. तुम्ही शेजारीच होतात ना? हुकूम चुकीचा गेला असेल तर थांबवला का नाहीत?"

मास्तर खिडकीकडे वळले. मग साहेबांनी तुम्हाला विचारलं, आणि तुम्ही सांगितलंत. कर्नलसाहेब 'सरळ' म्हणाले, मी 'सरळ' म्हणालो, त्यांनी माझा एक उच्चारही सुधारला. तो उतार सुटतो हे मला माहीत होतं आणि मी हुकूम बदलायला हवा होता. शेवटचं वाक्य तुम्हाला कोणी विचारलं नव्हतं.

तुम्ही हे ठरवून केलंत की तोंडातून निघून गेलं, ते मला ठाऊक नाही. पण बोलून झाल्यावर तुम्ही मास्तरांकडेच बघत होतात, पाणी उकळतंय का ते बघतात तसं. मला वाटतं तुम्हाला ठाऊक होतं की त्यांना गप्प बसता येणार नाही. आबा असते तर आधी पोट धरून हसले असते आणि मग तुमच्या कानाखाली वाजवली असती. दोन्ही तुम्हाला पोचलं असं समजा.

आज सकाळी डॉक्टर सांगून गेले, खाट राहणार, ऑपरेशन सोमवारी. न्हावी म्हणत होता, मास्तरांना राजधानीत बोलावलंय आणि तुमची बढती गेली, कदाचित पदही जाईल. वाईट वाटलं नाही. बरंही वाटलं नाही. तुम्ही योग्य ते केलंत, पण पाय कापल्यानंतर केलंत. तुम्ही हे उतारावर केलं असतंत तर कोणाला कळलंही नसतं, आणि मी आज घरी बसून तुमच्यावर दुधावरून चिडले असते. ती किळस अजून पुरती गेलेली नाही. ती कधी जाईल ते मला सांगता येत नाही, तुम्हीही विचारू नका.

धाकटा विचारतोय, सोमवारी दाजी येणार का. त्याला वाटतं तुम्ही त्याचं वाक्य बदललंत म्हणून तो तुमच्यावर रागावलाय, पण ते त्याला जमत नाहीये. या. बाहेरच्या बाकावर बसा, मी चहा आणून देईन. माझ्याशी बोलायलाच हवं असं नाही.

आणि तो डावा बूट परत आणू नका. पद राहिलं, तर तो टेबलावरच राहू द्या. रोज सकाळी पलटणीसमोर जाऊन हुकूम सांगण्याआधी एकदा त्याच्याकडे बघत जा.

—तुमची बायको